बूस्ट गेज घेण्याआधी नळी कुठे जोडणार ते ठरवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडी टर्बो-पेट्रोल आहे, कंपनीतून आली तशीच आहे, ट्यूनिंग काही केलेलं नाही. बूस्ट गेज बसवायचं आहे. ५२ मिलिमीटरचं घ्यावं की ६० चं, मेकॅनिकल की इलेक्ट्रिक, आणि काचेलगतच्या खांबावर, म्हणजे ए-पिलरवर बसवलं तर चालेल का? शेवटी जाता जाता विचारलंय, "टी कुठे मारायची?" टी म्हणजे नळीला फांदी काढणारा तीन तोंडांचा जोड.

मी उत्तर शेवटाकडून सुरू करतो. बरीच वर्षं मी ही गेज बसवतोय, आणि दुसऱ्यांनी बसवलेली दुरुस्तही करतोय. गेज खराब निघालं म्हणून आलेल्या गाड्या मोजक्याच. बाकी सगळ्यांत गेज चांगलं होतं आणि नळी चुकीच्या जागी जोडलेली होती, किंवा जागा बरोबर आणि नळी कुठेतरी चेपलेली, वितळलेली, निसटलेली. गेज बसवणं म्हणजे इंजिनाच्या बंदिस्त हवेला आपण एक नवं भोक पाडतो. ते भोक कुठे पाडायचं याचा निर्णय सगळ्यात आधी घ्या. बाकीची खरेदी त्यावरून आपोआप ठरते.

आधी काटा काय दाखवतो ते पक्कं करू. बूस्ट गेज इनटेक मॅनिफोल्डमधला, म्हणजे सिलिंडरांना हवा वाटून देणाऱ्या भागातला दाब बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाखवतं. इंजिन बंद असताना आत-बाहेर सारखंच, म्हणून काटा शून्यावर. पेट्रोल इंजिन सुरू होऊन आयडलला स्थिरावलं की थ्रॉटल, म्हणजे आत जाणारी हवा कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह, जवळजवळ मिटलेला असतो, सिलिंडर हवा ओढत असतात, त्यामुळे मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्यूम तयार होतो. समुद्रसपाटीजवळ धडधाकट पेट्रोल इंजिनाचा काटा साधारण उणे ०.६ ते ०.७ बारवर येतो. ऍक्सिलरेटर दाबत गेलात की काटा शून्याकडे चढतो, आणि शून्याच्या पुढे जे काही दिसतं ते टर्बोचं काम, म्हणजे बूस्ट. १ बार म्हणजे १०० केपीए, म्हणजे १४.५ पीएसआय. काही गेजवर व्हॅक्यूमची बाजू इंच पाऱ्यात आणि बूस्टची बाजू पीएसआयमध्ये असते. तिथे डावीकडचे २० आणि उजवीकडचे २० यांचा एकमेकांशी संबंध नाही. २० इंच पारा म्हणजे जेमतेम १० पीएसआय. नवखा माणूस इथे हमखास गोंधळतो, म्हणून मी शक्यतो दोन्ही बाजूंना बार असलेली पट्टी घ्यायला सांगतो.

आता नळीची जागा. हवी ती जागा एकच: थ्रॉटलच्या पुढे, खुद्द मॅनिफोल्डचा दाब जिथे सरळ मिळतो ती. टर्बोच्या तोंडाशी दाब मोजलात तर इंटरकूलर (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) आणि पाइपांमध्ये होणारी घट हिशेबात येत नाही, काटा इंजिनाला मिळतं त्यापेक्षा जास्त दाखवतो. थ्रॉटलच्या अलीकडे मोजलात तर व्हॅक्यूमची बाजू दिसतच नाही, म्हणजे पेट्रोल गाडीच्या गेजचा अर्धा उपयोग गेला.

जुन्या धर्तीच्या टर्बो-पेट्रोल गाड्यांत मॅनिफोल्डवरून दोन-तीन बारीक नळ्या निघतात. त्यातली एक बायपास व्हॉल्व्हकडे जाते, म्हणजे ऍक्सिलरेटर सोडल्यावर कोंडलेली हवा मोकळी करणाऱ्या व्हॉल्व्हकडे. टी मारायची तर मी ती या नळीत मारतो. तिथे पूर्ण व्हॅक्यूम आणि पूर्ण बूस्ट दोन्ही मिळतात, आणि उद्या टी गळायला लागली तरी त्या व्हॉल्व्हच्या वागण्यात थोडा फरक पडतो, इंजिनावर संकट येत नाही. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची नळी बरेच जण सुचवतात, कारण ती हाताशी असते. मी तिथे जात नाही. बूस्ट वाढला की त्या नळीतल्या दाबाच्या जोरावर रेग्युलेटर पेट्रोलचा दाब वाढवतो. तुमची टी तिथे गळली तर ऐन जोरात असताना पेट्रोल कमी पडेल, मिश्रण पातळ होईल. पिस्टन जळतो तो अशाच वेळी.

ब्रेक बूस्टरच्या जाड नळीला हात लावू नका. तिच्यात एकतर्फी व्हॉल्व्ह असतो. त्याच्या बूस्टरकडच्या बाजूला जोडलंत तर काटा कायम व्हॅक्यूममध्ये अडकून राहील, आणि तिथली गळती म्हणजे ब्रेकशी खेळ. पेट्रोल टाकीची वाफ ओढणारी पर्ज लाइनही नको, तिच्यातही व्हॉल्व्ह असतात. एमएपी सेन्सर, म्हणजे मॅनिफोल्डचा दाब मोजणारा सेन्सर, जर रबरी नळीने जोडलेला असेल तर ती नळी त्याच्यासाठीच राहू द्या. तिथे गळती झाली की ईसीयूलाच, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकालाच, चुकीचा दाब कळतो आणि तो चुकीच्या हिशेबाने पेट्रोल देतो.

आणि सगळ्यात वाईट जागा म्हणजे वेस्टगेटच्या ऍक्च्युएटरची नळी. वेस्टगेट म्हणजे एक्झॉस्टचा काही भाग टर्बोला वळसा घालून सोडणारा, बूस्ट मर्यादेत ठेवणारा व्हॉल्व्ह, आणि ऍक्च्युएटर तो उघडतो. एकदा एक गाडी आली. जोर लावला की इंजिनाचा दिवा पेटायचा आणि गाडी एकदम मरगळायची, पुन्हा बंद करून चालू केली की ठीक. मालकाला दोन ठिकाणी टर्बो बदलायला सांगितलं होतं. मी बोनेट उघडलं तर वेस्टगेटच्या नळीत प्लास्टिकची टी, तिथून नायलॉनची काळी नळी केबिनकडे गेलेली. तिच्यावरून बोट फिरवत गेलो. टर्बोच्या उष्णतारोधक पत्र्याजवळ बोटाला चकचकीत, गुळगुळीत लागलं. नळी तिथे टेकून टेकून मऊ झाली होती आणि खालच्या अंगाला तिळाएवढं भोक होतं. ऍक्च्युएटरला दाब पोचेपर्यंत त्यातला काही तिथून निसटायचा, वेस्टगेट उशिरा उघडायचा, बूस्ट मर्यादेबाहेर जायचा आणि ईसीयू गाडीला आवर घालायचा. गेजच्या काट्याला मात्र हे दिसत नव्हतं, कारण तोही त्याच गळक्या नळीवर होता. टी काढली, मूळ नळी नवी घातली, काम झालं. टर्बो ठणठणीत होता.

तुमची गाडी अलीकडची असेल तर बोनेट उघडल्यावर अशा बारीक नळ्या सापडणारच नाहीत. बायपास व्हॉल्व्ह विजेवर चालतो, वेस्टगेट विजेच्या मोटरवर, ब्रेकला वेगळा व्हॅक्यूम पंप. अशा गाडीत मॅनिफोल्डवर दोन स्क्रूंनी बसवलेला एमएपी सेन्सर काढून त्याच्याखाली एक अडॅप्टर घालतात. हा एक जाडसर ठोकळा असतो, वर सेन्सर बसतो, बाजूला नळीसाठी निपल. सोबत लांब स्क्रू आणि ओ-रिंग येतात. हे काम सोपं आहे, पण दोन गोष्टी जपा. ओ-रिंगला इंजिन ऑइलचा हलका हात लावून सेन्सर सरळ दाबा, वाकडा घुसवला तर रिंग चिरते. आणि मॅनिफोल्ड प्लास्टिकचं असतं, स्क्रू दोन बोटांच्या जोरावर बसला की पुरे. पान्याने आवळलात तर आतला पितळी आटा फिरतो आणि मग स्क्रू धरतच नाही. अडॅप्टर तुमच्याच सेन्सरच्या आकाराचा आहे ना, हे विकत घेण्याआधी सेन्सर काढून ताडून पाहा. अडॅप्टरमुळे सेन्सर वर उचलला जातो, तेव्हा वरच्या इंजिन कव्हरला तो टेकत नाही ना हेही बघा.

डिझेलवाल्यांसाठी दोन वाक्यं. डिझेलला आयडलवर जवळजवळ व्हॅक्यूम नसतो, म्हणून फक्त बूस्टची बाजू असलेलं गेज घ्या आणि इंटरकूलरकडून मॅनिफोल्डकडे येणाऱ्या पाइपावर किंवा मॅनिफोल्डवरच जोड घ्या. बोनेटखाली दिसणाऱ्या व्हॅक्यूमच्या बारीक नळ्या पंपाकडून टर्बोच्या ऍक्च्युएटरकडे जाणाऱ्या असतात, त्यात टी मारलीत तर काटा काहीतरी भलतंच दाखवेल आणि टर्बोचं नियंत्रणही ढिलं पडेल.

जागा ठरली की तिथेच, इंजिनाच्या टोकाशी, नळीत एक रिस्ट्रिक्टर घाला. हा म्हणजे साधारण १ मिलिमीटर भोक असलेला पितळी तुकडा. गेजची नळी दुसऱ्या टोकाला बंद असते, तिच्यातून हवा वाहत नाही, फक्त दाब पोचतो. म्हणून भोक बारीक केलं तरी आकडा बदलत नाही, काट्याची थरथर मात्र थांबते. बहुतेक जण हा तुकडा थरथर थांबवायला म्हणून गेजच्या मागे लावतात. मी तो इंजिनाकडे लावतो, कारण नळी पुढे कुठेही तुटली, निसटली, उंदराने कुरतडली तरी इंजिनाला गळती होते ती १ मिलिमीटर भोकाएवढीच. गाडी आयडलला थोडी डळमळेल, पण घरी येईल. एवढ्याशा तुकड्याने एवढं संरक्षण मिळतं, तो विसरू नका.

नळी सिलिकॉनची की नायलॉनची? सिलिकॉन उष्णता छान सोसतं, पण ते मऊ असतं, वळणावर चेपतं आणि तेलाच्या वाफेत वर्षानुवर्षं राहिलं की फुगून सैल होतं. नायलॉन ताठ असतं, दाबाखाली फुगत नाही, पण गरम भागाला टेकलं की वितळतं आणि एकदा मुडपलं की त्या जागी कायमची घडी पडते. इंजिनाजवळच्या पहिल्या हातभर भागात जाड भिंतीची सिलिकॉन किंवा रबराची व्हॅक्यूम नळी आणि प्रत्येक जोडावर छोटी क्लॅम्प, असं मी करतो. मेकॅनिकल गेज असेल तर तिथून पुढे नायलॉन. टी पितळीच घ्या. प्लास्टिकची टी बोनेटखालच्या उष्णतेत ठिसूळ होते आणि सर्व्हिसिंगच्या वेळी कुणाचा हात लागला की मोडते. नळी नेताना ती इंजिनाकडे उतरती राहील असं पाहा, म्हणजे आत जमलेली तेलाची वाफ आणि ओल परत मॅनिफोल्डकडे ओघळते. मध्ये झोल राहिला तर तिथे थेंब साचतो आणि काटा सुस्त होतो.

आता मेकॅनिकल की इलेक्ट्रिक. मेकॅनिकल गेजच्या पोटात एक चपटी, वाकवलेली धातूची नळी असते. आत दाब वाढला की ती सरळ व्हायला बघते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. फ्रान्सच्या यूजीन बूर्दों यांनी १८४९ मध्ये पेटंट घेतलेली ही रचना आजही तशीच वापरतात. तिला वीज लागत नाही, ती झटकन प्रतिसाद देते, आणि वर्षानुवर्षं फारशी बिघडत नाही. अडचण एवढीच की मॅनिफोल्डमधली नळी थेट तुमच्या गुडघ्यांपर्यंत येते. पोर्ट इंजेक्शनच्या, म्हणजे सिलिंडरच्या बाहेर हवेच्या वाटेतच पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनात मॅनिफोल्डमध्ये पेट्रोलची वाफ असते. डॅशबोर्डमागचा जोड सैल झाला की ती वाफ केबिनमध्ये येते. मी स्वतः हे अनुभवलेलं आहे. गाडीचा दरवाजा उघडताच पेट्रोलचा वास, आणि कारण काय, तर गेजच्या मागचं नट बोटाने फिरेल इतकं ढिलं.

इलेक्ट्रिक गेजमध्ये सेन्सर बोनेटखाली राहतो आणि केबिनमध्ये येते ती फक्त वायर. रोज वापरायच्या, घरच्यांनी बसायच्या गाडीत मी हेच बसवतो, तुम्हीही हेच घ्या. सेन्सर इंजिनावर बसवू नका, तिथे कंप आणि उष्णता दोन्ही असतात. फायरवॉलवर, म्हणजे इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्यावर, किंवा मडगार्डच्या आतल्या पत्र्यावर, मॅनिफोल्डपेक्षा उंच आणि निपल खाली तोंड करून बसवा. वर तोंड असेल तर ओल आत जाऊन बसते.

इलेक्ट्रिक घेताना एक गोष्ट विचारून घ्या, जी डब्यावर बहुधा लिहिलेली नसते. त्याचा सेन्सर बाहेरच्या हवेशी तुलना करतो की निर्वाताशी? दुसऱ्या प्रकारात गेज स्वतःच वातावरणाचा दाब वजा करून आकडा दाखवतं. चांगलं गेज किल्ली फिरवताच, इंजिन सुरू होण्याआधी, त्या ठिकाणचा दाब वाचून तो शून्य धरतं. स्वस्त गेज समुद्रसपाटीचा ठरीव आकडा वजा करत बसतं. २००० मीटर उंचीवर हवेचा दाब सुमारे ८० केपीएच असतो, म्हणजे तिथे असं गेज इंजिन बंद असतानाही उणे ०.२ बार दाखवेल आणि तुम्ही टर्बोत दोष शोधत बसाल. मेकॅनिकल गेजला हा त्रास नाही, त्याची तुलना नेहमी भोवतालच्या हवेशीच असते.

गेज न बसवताही बूस्ट बघता येतो, हे सांगितलं नाही तर उत्तर अपुरं राहील. ओबीडी सॉकेटमधून, म्हणजे गाडीच्या तपासणीसाठी स्कॅनर लावतात त्या सॉकेटमधून, मॅनिफोल्डचा दाब आणि बाहेरच्या हवेचा दाब असे दोन आकडे बहुतेक टर्बो गाड्या देतात. पहिल्यातून दुसरा वजा केला की बूस्ट. १७८ केपीए उणे ९८ केपीए म्हणजे ८० केपीए, म्हणजे ०.८ बार. एक भोक पाडावं लागत नाही, एक वायर कापावी लागत नाही. पण आकडा सेकंदाला काही वेळाच ताजा होतो, आणि दाबाचा जो नेहमीचा आकडा आहे तो एका बाइटमध्ये मावतो, म्हणून २५५ केपीएच्या वर जाऊच शकत नाही. जास्त बूस्टच्या डिझेलमध्ये तो तिथेच चिकटून बसतो. तुम्हाला नुसतं कुतूहल असेल तर ओबीडीवर आठवडाभर आकडे बघा, कदाचित तेवढ्यानेच समाधान होईल. गेज घेणारच असाल तरी हे आकडे लिहून ठेवा. गेज खरं सांगतंय का हे पुढे त्यांच्यावरूनच ताडायचं आहे, आणि पट्टी केवढी घ्यायची हेही त्यावरूनच कळतं.

पट्टी म्हणजे गेजवरची कमाल मर्यादा. तुमच्या गाडीचा सर्वाधिक बूस्ट समजा ०.९ बार असेल तर १.५ बारपर्यंतचं गेज छान, २ बारपर्यंतचं चालेल. ३ बारचं घेतलंत तर काटा कोपऱ्यातल्या कोपऱ्यात हलेल आणि ०.१ बारचा फरक डोळ्याला कळणार नाही. आणि तोच फरक तर बघायचा आहे. काटा जेवढ्या मोठ्या कोनात फिरतो तेवढं वाचणं सोपं. आकड्यांची घाई नको. १९७३ च्या बीएमडब्ल्यू २००२ टर्बोत कंपनीनेच बूस्ट गेज दिलं होतं, आणि पुढे साबच्या टर्बो गाड्यांत गेजवर आकडे नव्हतेच, नुसते रंगांचे पट्टे होते. गाडी चालवताना माणूस आकडा वाचत नाही, काटा कुठे उभा आहे ते बघतो. म्हणून नुसत्या अंकांचं डिजिटल गेज मला आवडत नाही. अंक सतत बदलत राहतात आणि ते वाचायला नजर रस्त्यावरून काढावी लागते.

५२ की ६०? पॉड, म्हणजे गेज बसवायची खोबण, ज्या आकाराचे मिळतात ते पाहून ५२ घ्या. ६० वाचायला सोपं, पण त्याला जागा लागते आणि गाडीच्या आत ती सहसा नसते.

ए-पिलरचं मात्र थांबून ऐका. तुमच्या गाडीत कर्टन एअरबॅग असतील तर तो पडदा छताच्या कडेने घडी होऊन बसलेला असतो आणि पुढे ए-पिलरच्या ट्रिममागेही येतो. अपघातात तो क्षणार्धात फुगतो. त्याच्या वाटेत तुम्ही बसवलेलं गेज म्हणजे तुमच्या डोक्यावर फेकलेला धातूचा डबा. ट्रिमवर एअरबॅगची खूण कोरलेली असते, ती शोधा. खूण असेल तर पिलरवर गेज नाही, त्यामागून वायरही नाही. सहप्रवाशासमोरच्या डॅशबोर्डवरच्या एअरबॅगच्या झाकणावर नाही. स्टिअरिंगखाली गुडघ्यांसाठीची एअरबॅग असेल तर तिथेही नाही. आणि एअरबॅगच नसलेल्या जुन्या गाडीत पिलरवर बसवताना सीटवर बसून, डोकं नेहमीच्या जागी ठेवून बघा, की वळणावर ज्या कोपऱ्यातून पायी चालणारा दिसतो तो कोपरा झाकला जात नाही ना. पिलरच्या आडोशाने माणूस आधीच लपतो, त्यात आपण भर घालायची नाही.

मग राहतं काय? स्टिअरिंग कॉलमवर, मुख्य मीटरच्या बाजूला बसणारा पॉड. स्टिअरिंग वर-खाली होत असेल तर वायरला तेवढी मोकळीक ठेवा. किंवा मधल्या एअर व्हेंटच्या जागी बसणारं तयार हाउसिंग, हे मला सगळ्यात नीटनेटकं वाटतं. फक्त हिवाळ्यात गरम हवा थेट गेजवर जाणार नाही याची सोय बघा. डॅशबोर्डवर दुहेरी टेपने चिकटवायचं असेल तर खडबडीत पृष्ठभागावर टेप धरत नाही आणि उन्हात तापलं की सुटते. अशा जागी दोन स्क्रूंचा आधार द्याच.

गोल गेजबद्दल एक जुनी युक्ती आहे, रेसिंगच्या गाड्यांमधून आलेली. पॉडमध्ये गेज असं फिरवून बसवा की पूर्ण बूस्टला काटा सरळ वर, बाराच्या ठोक्यावर उभा राहील. मग आकडा वाचायचाच नाही. काटा उभा म्हणजे ठीक, तिरका म्हणजे काहीतरी बदललंय. अक्षरं तिरकी दिसतात, त्याची सवय दोन दिवसांत होते. मेकॅनिकल गेज फिरवल्यावर काटा शून्यावर येतो का ते परत बघून घ्या.

वायरिंग करताना बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि एअरबॅगच्या आसपास हात घालणार असाल तर काही मिनिटं थांबा, त्या यंत्रणेत काही वेळ वीज साठलेली राहते. पिवळ्या आवरणाच्या किंवा पिवळ्या कनेक्टरच्या वायरला स्पर्शही नको, त्या एअरबॅगच्या. गेजला बहुधा चार वायर असतात: कायमचा पुरवठा, इग्निशनचा पुरवठा, अर्थ आणि दिव्यांसाठीची. पुरवठा फ्यूज बॉक्समधून फ्यूज टॅपने घ्या, गेजसोबतच्या कागदात सांगितलेला छोटा फ्यूज घाला. वायर सोलून, पीळ मारून, टेप गुंडाळून केलेला जोड मी मान्य करत नाही. तो आज चालतो आणि दोन पावसाळ्यांनी हिरवा होतो. अर्थ बॉडीच्या उघड्या धातूवर, रंग खरवडून. दिव्याच्या वायरीबाबत एक सूचना: अलीकडच्या गाड्यांत डॅशबोर्डचे दिवे मंद करताना वीज अतिशय वेगाने चालू-बंद केली जाते, त्या वायरवर काही गेज रात्री लुकलुकतात. तसं झालं तर ती वायर पार्किंग दिव्याच्या फ्यूजवर घ्या आणि गेजचं स्वतःचं मंद करण्याचं बटण वापरा.

फायरवॉलमधून जाताना नवीन भोक शेवटचा पर्याय. आधीच्या वायरिंगच्या मोठ्या रबरी ग्रोमेटमध्ये बारीक छेद घेऊन वायर सरकवता येते. पत्र्याच्या उघड्या कडेवरून काहीही नेऊ नका. आत आल्यावर ती पेडल आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर बांधा, मग क्लच-ब्रेक पूर्ण दाबून, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून खात्री करा.

इंजिन सुरू करण्याआधीची चाचणी. इंजेक्शनची २० मिलिलिटरची सिरिंज घ्या, सुई नको. इंजिनाकडून सुटं ठेवलेलं नळीचं टोक तिला लावा, किल्ली फिरवा, दट्ट्या हळू मागे ओढा. काटा व्हॅक्यूमकडे जाईल. आता दट्ट्या तसाच धरून मिनिटभर काट्याकडे बघत राहा. तो जागेवर राहिला तर नळीपासून सेन्सरपर्यंत सगळं घट्ट. हळूहळू शून्याकडे सरकला तर एकेक जोड बोटाने दाबत जा, जिथे सरकणं थांबेल तिथे गळती. मग दट्ट्या थोडा पुढे दाबून बूस्टच्या बाजूनेही बघा, पट्टीच्या पुढे नेऊ नका. त्यानंतरच नळी निपलवर चढवा, क्लॅम्प लावा, इंजिन सुरू करा आणि जोड तपासा. साबणाचं पाणी बूस्टची गळती दाखवतं, आयडलला मात्र व्हॅक्यूममुळे ते आत ओढलं जातं, म्हणून तिथे फसफसण्याचा बारीक आवाज ऐका.

गाडी चालवायला लागल्यावर पहिले काही दिवस काट्याला दोष देऊ नका, त्याच्याशी ओळख करून घ्या. आताच्या टर्बो-पेट्रोलमध्ये बूस्ट किती द्यायचा हे ईसीयू ठरवतो. पहिल्या गिअरला कमी, इंजिन थंड असताना कमी, आत येणारी हवा फार तापलेली असताना कमी. मित्राच्या गाडीशी तुलना तर नकोच. बूस्ट म्हणजे हवेचं प्रमाण नव्हे, हवा आत जाताना झालेली कोंडी आहे. मोकळ्या वाटेचं इंजिन कमी बूस्टमध्ये जास्त हवा घेतं. इंजिन गरम असताना, मोकळ्या रस्त्यावर, नियमात राहून, तिसऱ्या गिअरला कमी फेऱ्यांपासून पूर्ण ऍक्सिलरेटर दिल्यावर काटा किती वेगाने चढला, कुठपर्यंत उसळला आणि कुठे स्थिरावला, एवढं सोबतच्याला लिहून ठेवायला सांगा. आयडलचा व्हॅक्यूमही लिहा. उसळी स्थिर आकड्यापेक्षा थोडी वर असणं स्वाभाविक आहे.

हा तुमच्या निरोगी गाडीचा आकडा. पुढे काटा हळू चढायला लागला, खाली स्थिरावला आणि टर्बोची शीळ मात्र वाढली, तर इंटरकूलरच्या होजची क्लॅम्प आधी बघा. फेऱ्या वाढतील तसा बूस्ट थांबायचं नाव न घेता चढतच राहिला, तर पाय लगेच काढा आणि वेस्टगेट तपासा. आयडलचा व्हॅक्यूम नेहमीपेक्षा कमी पण स्थिर असेल तर कुठेतरी हवा आत येतेय किंवा टायमिंग मागे पडलंय. गाडी उभी असताना फेऱ्या मध्यम धरून ठेवल्यावर व्हॅक्यूम हळूहळू घटत गेला तर एक्झॉस्ट तुंबल्याची शंका घ्या, बहुधा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आयडलला काटा ठरावीक तालात टिचकी मारत असेल तर एखाद्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हकडे बोट जातं. ही टिचकी रिस्ट्रिक्टरमुळे दबून जाते, म्हणून अशी तपासणी करायची असेल तेव्हा तेवढ्यापुरता तो काढा आणि झाल्यावर परत बसवा.

आठवड्याने, इंजिन थंड असताना, बोनेट उघडून नळीच्या पूर्ण लांबीवरून एकदा बोट फिरवा. कुठे चकचकीत, गुळगुळीत लागलं तर तिथे ती कशाला तरी टेकतेय. तिची वाट बदला, नवी झिप टाय लावा, आणि सिरिंजची चाचणी परत एकदा करा.